एकेचाळीस नावं आणि एक खरेदीदार

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (या खेपेला नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकलो आहे, असं समज. कारण पुढे येईलच.)

तुझं मनगट कसं आहे? रोज शेकतेस, की शेकते म्हणून नुसतं सांगतेस? नवी भट्टी बसवून झाली का, आणि ती बसवणारा माणूस या वेळी तरी सांगितलेल्या दिवशी आला का? भावोजींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही मजेत आहोत, म्हणजे तुझी भावजय मजेत आहे. माझं गेल्या मंगळवारपासून जेवण उतरत नाही, उजवी पापणी आपली आपण फडफडते आणि फोन वाजला की मी दचकतो. पाट्या रंगवणाऱ्या माणसाने दचकणं बरं नव्हे, कारण तो बहुतेक वेळा शिडीवर असतो. हे सगळं फोनवर का नाही सांगितलं, असं तू विचारशील. फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला ‘मुद्द्यावर ये’ म्हणतेस, आणि या वेळचा मुद्दा असा आहे की त्याच्यावर एकदम यायची माझी छाती होत नाही. तुझ्या दुकानाच्या नावाबद्दल आहे, एवढं आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मी लपवलं असं नको. आता शांतपणे बसून वाच. हातात शक्यतो काही गरम नको.

सुरुवात एका मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या पाटीपासून झाली. दुकानाचं नाव झालं, फोन नंबर झाला, मग तो म्हणाला, खाली वेबसाइटचं नावही टाका. मी सहज विचारलं, आणि त्याने अर्धा तास खाली उभं राहून मला डोमेन म्हणजे काय ते समजावलं. इंटरनेटवर दुकानाला पत्ता म्हणून एक नाव लागतं. ते जो आधी नोंदवेल त्याचं. वर्षाचं थोडं भाडं भरायचं आणि स्वस्थ बसायचं. पुढे ज्याला ते नाव हवं असेल त्याने आपल्या दारी यायचं आणि आपण सांगू ती किंमत मोजायची. त्याच्या ओळखीच्या कुणाच्या तरी ओळखीच्याने म्हणे असं एकच नाव विकून तीन खोल्यांचं घर घेतलं. (नाव विकून घर घेणारे नेहमी ओळखीच्याच्या ओळखीचेच असतात, हे मला आता कळतं. ज्यांचं काहीच विकलं गेलं नाही ते मात्र सगळे थेट ओळखीचे निघतात. गेल्या वर्षभरात मला असे सहा भेटले. सातवा मी.) हे ऐकत असताना मी शिडीवर होतो, आणि ताई, तिथेच माझं डोकं फिरलं. या गावात कुठलंही दुकान उघडायच्या आधी त्याचं नाव तीन माणसांना ठाऊक असतं: मालकाला, मालकाच्या घरच्यांना आणि पाटी रंगवणाऱ्याला. पहिल्या दोघांना नोंदवायचं सुचत नाही. म्हणजे इतकी वर्षं मी खजिन्यावर शिडी लावून उभा होतो आणि वर चढून नुसता रंग देत होतो!

आता माझी चूक ऐक. ही चूक दुसरा कुणी करणार नाही, कारण त्यासाठी आमचाच धंदा करावा लागतो. आमचा दर अक्षरामागे असतो. तीस वर्षं मी लांब नावाच्या गिऱ्हाइकाला खुर्ची दिली, चहा पाजला, आणि आखूड नावाच्याला दारातच उभं ठेवलं. तेव्हा लांब नाव म्हणजे भारी नाव, हे माझ्या अंगात भिनलेलं. मी शोधून शोधून लांबलचक नावं घेतली. ‘नवीन आधुनिक लाकडी खुर्ची टेबल सोफा पलंग व कपाट दुरुस्ती व विक्री केंद्र’ हे नाव तर मी इतक्या घाईने नोंदवायला गेलो, की दुसऱ्या कुणाच्या आधी हाती लागावं म्हणून दुपारचं जेवण सोडलं. त्रेसष्ट इंग्रजी अक्षरांच्या पुढे संगणक घेईचना. मी मदतीच्या नंबरवर फोन करून म्हटलं, याहून मोठ्या मापाचं असेल तर ते द्या, वरचे पैसे भरायला मी तयार आहे. पलीकडच्या बाई अगदी सौम्यपणे म्हणाल्या, साहेब, पण हे एवढं टाइप कोण करणार? मी म्हटलं, टाइप कशाला करायचं, आमच्याकडे नाव वाचतात. शेवटी मी त्यातला पलंग काढला आणि बाकीचं बसवलं. या व्यवहारात आखूड नावाला सोन्याचा भाव आणि लांब नावाला कुणी हुंगत नाही, हे कळलं तोवर माझ्याकडे अशी बावीस नावं झाली होती.

मग आलं माशांचं प्रकरण. मध्यंतरी ती दुकानं निघाली होती आठवतं का, जिथे पैसे देऊन हौदात पाय सोडून बसायचं आणि बारीक मासे तळपाय चावून स्वच्छ करायचे? एका महिन्यात मी तशा तीन पाट्या रंगवल्या. मला वाटलं, आता घरटी एक निघणार. मी तळपाय आणि मासे यांची उलटसुलट जुळणी करून अकरा नावं घेतली. पाच महिन्यांत तिन्ही दुकानं बंद पडली. एकाच्या जागी आता झेरॉक्स आहे. मासे कुठे गेले कुणास ठाऊक. नावं माझ्याकडे आहेत.

नावं घेतली की ती विकायला मांडायची एक मोठी साइट असते. तिथे प्रत्येक नावापुढे ‘विकणे आहे’ असं येतं आणि किती जणांनी डोकावलं त्याचा आकडा दिसतो. मी सकाळी दात घासायच्या आधी तो आकडा बघायचो. पहिल्या आठवड्यात सतरा झाला तेव्हा मी अंथरुणातच उठून बसलो. तुझी भावजय म्हणाली, तुम्ही दिवसातून किती वेळा बघता? मी म्हटलं, दोन-तीनदा. ती म्हणाली, मग सतरा तुम्हीच. (तिला संगणकातलं काही कळत नाही, पण बेरीज येते, आणि ती नको तिथे करते.) मी दोन दिवस बघितलं नाही. आकडा सतरावरच राहिला.

खरा मान मला इस्त्रीवाल्याने दिला असता. तो दुसरं दुकान काढत होता, पाटी माझ्याकडे, आणि नाव अर्थातच मी आधीच नोंदवलेलं. त्याने विचारलं, ते इंटरनेटचं नाव तुमच्याकडे आहे म्हणे, काय घ्याल? मी त्याला तीन खोल्यांच्या घराची किंमत सांगितली. मग ओळखीचा माणूस म्हणून एक खोली कमी केली. तो पोट धरून हसला, आणि मी हसत नाही हे पाहिल्यावर थांबला. त्याच संध्याकाळी त्याने नावाच्या पुढे ‘नवं’ जोडून सहा शर्टांच्या इस्त्रीच्या पैशात स्वतःचं नाव नोंदवून टाकलं. आपण घेतलेलं नाव आपल्याला इतकं सुंदर दिसायला लागतं की दुसऱ्या कुणाला त्याच्यावाचून चालू शकेल हे मनात येत नाही. त्याला मात्र मजेत चालतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक शर्टाच्या कॉलरपाशी एक चुणी राहते. मी ती बोटाने दाबून बाहेर पडतो.

यानंतर नोटीस आली. ज्या कंपनीचा रंग मी इतकी वर्षं वापरतो, तिच्या नावाला ‘स्वस्त’ जोडून मी एक नाव घेतलं होतं. मनात म्हटलं, कंपनीला हे कधीतरी लागेलच. कंपनीला ते लागलं खरं. वकिलाचं चार पानी पत्र आलं, आणि त्यात माझं नाव इतक्या वेळा आणि इतक्या आदराने होतं की माझी पाचावर धारण बसली. मी नाव फुकट देऊन टाकलं, वर तीन पानी माफीनामा लिहिला, आणि शेवटी ‘आपलाच रंग वापरणारा’ अशी सही केली. तुझ्या भावजयीला सांगितलं की कंपनीने दिनदर्शिका पाठवायला पत्ता विचारलाय. या नोटिशीची भीती लक्षात ठेव ताई, कारण मी आता जे काही केलं आहे ते तिच्यापायीच.

एवढ्यात गावात बोभाटा झाला की पेंटर नावं पळवतो. गिऱ्हाइकं मला नाव सांगेनाशी झाली. केशकर्तनालयाच्या मालकाने मला फक्त ‘केशकर्तनालय’ रंगवायला दिलं आणि वरचं नाव दुसऱ्या पेंटरकडून करून घेतलं; त्या माणसाला ओळ सरळ धरता येत नाही, आणि आता ती पाटी बघितली की लोकांना वाटतं दोन्ही मीच केलं. एका चष्मेवाल्याने तर नावाची अक्षरं रोज एक अशी आणून दिली, तीही शेवटून पहिल्याकडे. आठव्या दिवशी नाव पूर्ण झालं तेव्हा तो माझ्या हातातला मोबाइल काढून घेऊन संध्याकाळपर्यंत समोर बसून राहिला. मला राग यायला हवा होता. पण वाईट वाटलं. तीस वर्षं लोकांनी मला विश्वासाने नावं सांगितली. पोरांना सांगायच्या आधी सांगितली.

आणि तूही सांगितलंस. चार महिन्यांपूर्वी. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या बेकरीत राबल्यावर आता स्वतःचं दुकान काढतेस, त्याचं नाव ‘ऊनऊन’ ठेवायचं आहे, आणि माझ्याशिवाय कुणालाही सांगितलेलं नाही, असं फोनवर म्हणालीस. मला आधी नाव पटलं नाही. एवढंसं नाव, त्यातही एकच शब्द दोनदा, म्हणजे अर्धं फुकटच दिल्यासारखं. पण मग मी कागदावर लिहून बघितलं आणि मला पावाचा वास आला. खरंच आला. मी त्याच दिवशी ते नोंदवलं. विकायला नव्हे, ताई! उद्घाटनाच्या दिवशी तुला द्यायचं होतं. माझ्या एकेचाळीस नावांत कुठलाही हिशेब न करता घेतलेलं ते एकच. पण सगळी नावं एका खात्यात, आणि विकायला मांडताना एकच खूण केली की सगळी मांडली जातात. ती खूण मी वर्षाच्या सुरुवातीलाच करून ठेवली होती. ऊनऊनही आपोआप जाऊन रांगेत बसलं.

वर्षभरात त्या साइटवर एकही खरेदीदार आला नाही. जो एक आला, तो ऊनऊनसाठी आला.

मी तेव्हाच ते काढून घ्यायला हवं होतं. मला कळत होतं. पण इस्त्रीवाला सोडला तर वर्षभर दारात कुणी न फिरकलेल्या माणसाला पहिल्यांदा कुणीतरी ‘काय घ्याल’ विचारलं की काय होतं, ते तुला कसं सांगू! मी म्हटलं, बघू तरी कुठवर जातो. तिथे माणसांची नावं झाकलेली असतात. मी नुसता विक्रेता, तो नुसता खरेदीदार. त्याने एक आकडा सांगितला. मी दसपट सांगितला, विकायचं नव्हतं म्हणूनच. त्याने लिहिलं की हे माझ्या आईच्या दुकानासाठी हवं आहे, थोडं कमी करा. आता आमच्या धंद्यात दर कमी करून हवा असला की प्रत्येकाच्या दुकानाची मालकीण आई होते. गेल्या वर्षी अशा चौदा आया झाल्या, त्यातल्या दोघींना मी स्वतः ओळखतो आणि त्यांना दुकानाचा पत्ताही नाही. मी लिहिलं, आई सगळ्यांनाच असते. (लिहिताना मला मोठा व्यापारी झाल्यासारखं वाटलं. अगदी खरं सांगतो.) दोन दिवस काही उत्तर नाही. मंगळवारी दुपारी दोनच शब्द आले: बरं. मान्य. त्या साइटचा नियम असा की आपण सांगितलेली किंमत समोरच्याने मान्य केली की माघार घेता येत नाही. पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडाले, आणि तुझी भावजय मागून म्हणाली, कुणाचा वाढदिवस?

तर ताई, असं झालं. तू मला सांगितलेलं नाव मी विकलं. त्या दिवसापासून जेवताना समोर तू बसल्यासारखी वाटतेस आणि काही बोलत नाहीस. तू चिडलीस तर मला चालेल. फक्त गप्प राहू नकोस.

भावोजींना नमस्कार. मनगटाला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. एवढी किंमत कुठलाही साधा माणूस मोजणार नाही. ही नक्की एखादी मोठी बेकरी कंपनी असणार, आणि आईबिई नुसतं सांगायला. तू ऊनऊनची पाटी लावलीस की पहिल्याच आठवड्यात त्यांच्या वकिलाचं चार पानी पत्र येईल. ते पत्र कसं असतं ते मी वाचलं आहे. तू वाचावंस असं मला वाटत नाही. म्हणून विनंती अशी की दुकानाचं नाव बदलतेस का? घाई नाही, पण उद्घाटन पहिल्या तारखेला आहे तेव्हा थोडी आहे. तुला त्रास नको म्हणून मी नवं नाव ठरवलं आहे: ‘उत्तम ताजे पाव, केक व बिस्किटे यांचे खात्रीचे ठिकाण’. इंटरनेटवरही ते माझ्याकडेच आहे, तुला फुकट. पाटी रंगवून झाली. दुकानाच्या दारापेक्षा दीड हात लांब झाली आहे, पण शेजारचा शिंपी भला माणूस आहे असं तूच म्हणाली होतीस.

ता. क. दुसरा. तू म्हणशील, मिळालेले पैसे मला दे. ते मी देणारच होतो. पण झालं असं की पहिल्या वर्षी हे नोंदणीवाले ओळख म्हणून स्वस्तात देतात आणि दुसऱ्या वर्षी चौपट मागतात, आणि नेमकी याच आठवड्यात उरलेल्या एकोणचाळीस नावांची मुदत (खातं एकच, म्हणून सगळ्यांची तारीखही एकच) संपत होती. माणसं या धंद्यात का बुडतात ते मी वर इतकं सविस्तर लिहिलंच आहे. पण एक विकलं गेलं म्हणजे आता वारं फिरलं, असं मला आतून वाटलं. मी सगळी रिन्यू केली. माशांचीसुद्धा.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा उघडलं. कडेला फाटलं आहे ते त्यामुळे. आत्ताच तुझ्या लेकीचा फोन येऊन गेला. म्हणाली, मामा, आईला सांगू नकोस, तिच्यासाठी एक गंमत घेतली आहे. (तू माझ्याशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतंस ना? लेकीला सांगितलं होतंस! मग थोडी चूक तुझीही आहे, एवढं नोंदवून पुढे जातो.) स्कूटरसाठी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून जमवलेले सगळे पैसे घालून तिने तुझ्या दुकानाचं नाव इंटरनेटवर एका माणसाकडून सोडवून घेतलं. त्या माणसाचे निरोप तिने मला एकेक करून वाचून दाखवले. मी सगळे ऐकले. पाटीवर खाली तो पत्ताही रंगव म्हणाली. मी हो म्हटलं. मग म्हणाली, मामा, असल्या माणसाला बहीण असेल का रे? माझ्या तोंडून निघून गेलं, आहे. एरवी तीनदा ‘ठेवते’ म्हणणाऱ्या पोरीने एकदाच ‘ठेवते’ म्हणून फोन ठेवला.

ऊनऊन तुझंच राहिलं. ती लांब पाटी खरवडायला घेतली आहे. स्कूटर मी घेऊन देईन. कशी ते विचारू नकोस, पण एकोणचाळीस नावं सोडून दिली की पुढच्या वर्षी बरंच सुटेल, आणि इस्त्रीवाल्याने दुकानाच्या तीन भिंती रंगवायला सांगितल्या आहेत. तू फक्त एक कर. तिला कळलं आहे का ते हळूच काढून घे. कळलं असेल तर तिला सांग, की बहीण आहे, आणि हे सगळं वाचूनही ती आपली पाटी त्याच्याकडूनच रंगवून घेणार आहे. (घेशील ना?)